टर्कीची मान कुठे गेली? लहान मुलांसोबत थँक्सगिव्हिंगची हस्तकला करताना या चुका टाळा

अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग, आभार मानायचा सण. टर्की हा मोठा पक्षी या सणाची ओळख, म्हणून हस्तकलेतही तोच. 2026 साली तो 26 तारखेला येतोय. दिवाळी नुकतीच आटोपलेली असते, पाच वाजता अंधार पडतो, बाहेर खेळणं बंद होतं आणि शाळा-डेकेअरला चार-पाच दिवस सुट्टी. घरी दोन ते सहा वर्षांचं मूल असेल तर या दिवसांत कागद, रंग आणि गोंद बाहेर निघतोच. कॅनडात हा सण ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो, त्यामुळे तिकडच्या मंडळींनी सगळी तयारी महिनाभर आधी धरावी.

हस्तकला बिघडली की आपण पटकन म्हणतो, "अजून लहान आहे, हात वळत नाही." मला हे पटत नाही. मुलाचा हात वयाप्रमाणे जेवढा वळायचा तेवढा वळतोच. बिघडतं ते सामान चुकीचं घेतल्यामुळे, कामाचा क्रम उलटा झाल्यामुळे किंवा वेळ कमी ठेवल्यामुळे, आणि ही तिन्ही कामं मोठ्यांची आहेत. खाली दिलेल्या बहुतेक अडचणी मूल टेबलाशी येण्याआधीच सुटतात.

बुधवारी रात्री सुरुवात करणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. गुरुवारी पाहुणे येणार, बुधवारी संध्याकाळी एकीकडे क्रॅनबेरी सॉस शिजतोय, दुसरीकडे पुरणपोळीची डाळ भिजतेय, आणि त्यात मुलाला टेबलाशी बसवून टर्की करायला घ्यायची. रंग वाळायला अर्धा-पाऊण तास लागतो, जाड थर असेल तर त्याहून जास्त. मिठाच्या पिठाला, म्हणजे मैदा-मीठ मळून केलेल्या वस्तूंना, ओव्हनमध्ये दोन-तीन तास हवेत. पानं दाबून ठेवायची तर आठवडा. यातलं एकही काम घाईने होत नाही.

दीड आठवडा आधीच्या शनिवार-रविवारी पानं आणि पाइनकोन (पाइनच्या झाडाची लाकडासारखी, खवल्यांची फळं) गोळा करा. मधल्या आठवड्यात रोज एकच छोटं काम, दहा-पंधरा मिनिटांचं. तीन वर्षांचं मूल त्याहून जास्त वेळ एका जागी बसेल असं धरूच नका. आज रंगवायचं, उद्या चिकटवायचं, परवा डोळे काढायचे. काम असं तोडलं की ओल्या रंगावर गोंद लावायची वेळ येत नाही, आणि मुलालाही उद्याची ओढ राहते.

हाताच्या ठशाची टर्की: इथे जरा थांबू या

थँक्सगिव्हिंग म्हटलं की प्रत्येक घरात हीच होते. तळवा म्हणजे टर्कीचं अंग, अंगठा म्हणजे मान आणि डोकं, चार बोटं म्हणजे पिसारा. दिसायला सोपी, पण बिघडायच्या जागा पुष्कळ.

पहिली तक्रार: ठशात तळव्याच्या मधोमध पांढरा खड्डा राहतो. तळवा मधे खोलगट असतो आणि टेबल कडक, त्यामुळे तो भाग कागदाला टेकतच नाही. कागदाखाली टॉवेलची घडी ठेवा. हात थोडा रुततो आणि पूर्ण ठसा उठतो.

दुसरी: टर्कीला मानच नाही. मुलाने अंगठा तळव्याला चिकटवून ठेवलेला असतो. रंग लावण्याआधी कोऱ्या कागदावर दोन-तीनदा कोरडा सराव घ्या. "अंगठा लांब पळाला, बोटं लांब पळाली" असं म्हणत हात पसरून दाखवा. हे रंग लावल्यावर शिकवायला जाल तर उशीर झालेला असतो.

तिसरी, आणि सगळ्यांना हैराण करणारी: रंगाचा ब्रश तळव्याला लागला की गुदगुल्या होतात आणि मूठ मिटते. मूठ मिटली की सगळे रंग एकमेकांत मिसळून चिखल होतो. केसांच्या ब्रशऐवजी स्पंजचा ब्रश घ्या, त्याने गुदगुल्या कमी होतात. एका हाताने मुलाचं मनगट धरा, आणि मूठ वळायला लागली तर बोटं जबरदस्तीने उघडू नका. हाताच्या मागच्या बाजूवरून हलकेच अंगठा फिरवा. बोटं आपोआप सुटतात. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर हात कागदाकडे न्यायच्या भानगडीत पडू नका. कागद पुठ्ठ्यावर चिकटवून तो पुठ्ठाच बाळाच्या हाताकडे न्या.

चौथी: प्रत्येक बोटाला वेगळा रंग द्यायचा मोह. चौथ्या बोटापर्यंत पोहोचताना पहिलं वाळलेलं असतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला हे जमतं, कारण ते हात स्थिर धरतं. दोन वर्षांच्या मुलाला सगळ्या हाताला एकच तपकिरी रंग लावा. पिसाऱ्याचे रंग दुसऱ्या दिवशी बोटांच्या ठिपक्यांनी द्या. खरं सांगायचं तर ही टर्की जास्त छान दिसते, आणि मुलालाही एकाऐवजी दोन दिवस काम मिळतं.

रंग पातळ थरात लावा. जाड थराने बोटांच्या कडा पसरतात आणि चार पिसांचं एक फावडं होतं. चोच, पाय, डोळे, गळ्याखालची लाल झालर हे सगळं ठसा पूर्ण वाळल्यावर. ओल्या ठशावर मार्कर फिरवला तर रंग ओढला जातो आणि मार्करचं टोकही खराब होतं.

रंग कुठला? बाटलीवर वॉशेबल टेम्परा लिहिलेला, म्हणजे धुतल्यावर निघणारा पाण्याचा रंग. ॲक्रिलिक घेऊ नका. तो ओला असेपर्यंत पाण्याने जातो, एकदा वाळला की कपड्यावरून निघत नाही. बाटलीवर 'एपी' असं लिहिलेला शिक्का दिसला तर तो रंग विषारी नाही असं तपासलेलं असतं. अर्थात विषारी नाही म्हणजे खायचा आहे असं नव्हे. डाग पडलाच तर आधी मागच्या बाजूने गार पाणी सोडा. कोमट-गरम पाणी पहिल्यांदाच ओतलं तर डाग घट्ट बसू शकतो. आणि ओला टॉवेल ठसा घ्यायच्या आधी हाताशी हवा. रंगलेल्या हाताचं मूल कडेवर घेऊन बाथरूमपर्यंत जायचं म्हणजे वाटेतल्या भिंतींवर टर्कींचा कळप उमटतो.

रंग नकोच असेल तर हात कागदावर ठेवून पेन्सिलीने गिरवतात. त्यात फसायचं ठिकाण म्हणजे कापणं. बोटांच्या फटींमधून कात्री फिरवणं पाच वर्षांच्या मुलालाही जड जातं. सगळ्या बोटांभोवती एक मोठा गोलसर आकार काढा, तेवढाच त्याला कापू द्या. आतली रेघ तशीच राहू दे.

गोंद: जास्त ओतला तरी चिकटत नाही

मुलाच्या हातात पांढऱ्या गोंदाची बाटली दिली की तळं होणारच. कागद फुगतो, सुरकुततो, वाळल्यावर कडा वर उचलल्या जातात आणि आपल्याला वाटतं गोंद कमी पडला. मग अजून ओततो. कागदावर कागद चिकटवायचा असेल तर गोंदाची कांडी घ्या. पानं, फांद्या, पुठ्ठा असं जड काही असेल तरच पांढरा गोंद. तोही बाटलीतून थेट न देता बाटलीच्या झाकणात थोडासा काढा आणि कापसाच्या काडीने लावू द्या. "ठिपका, ठिपका, ठिपका, बस" एवढी सूचना मुलांना पुरते.

दोन वर्षांखालचं मूल, जे प्रत्येक वस्तू तोंडात घालतं, त्याच्यासाठी मी आपली खळच करते. दिवाळीचा कंदील ज्या मैद्याच्या खळीने चिकटवायचो तीच. एक कप गार पाण्यात दोन मोठे चमचे मैदा गुठळ्या मोडून कालवायचा, मगच मंद आचेवर ठेवायचा आणि हलवत राहायचं. मिश्रण दाट होऊन थोडं पारदर्शक दिसायला लागलं की उतरवायचं. गुठळ्या होतात त्या गरम पाण्यात कोरडा मैदा टाकल्याने. खळ पूर्ण गार होऊ द्या, वरची साय काढून टाका. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते. आंबूस वास आला की फेकून द्या.

खळीबद्दल दोन गोष्टी जपायच्या. घरी आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर त्यांना आठवेल की पूर्वी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. मुलांच्या खळीत ते अजिबात नको, मोरचूद विषारी असतं. आणि मुलाला किंवा त्याच्या खेळायला आलेल्या मित्राला गव्हाची ॲलर्जी असेल तर खळ आणि पुढे येणारं मिठाचं पीठ दोन्ही बाद.

ग्लू गन, म्हणजे वितळलेला गरम गोंद सोडणारं यंत्र, मुलांच्या टेबलावर येऊ देऊ नका. कमी तापमानाच्या म्हणून विकतात त्याही भाजतात. ज्याला ग्लू गन लागतेच ते काम मुलं झोपल्यावर तुम्ही करा.

पानं गोळा करताना एक लाल पान हातात घेऊ नका

पानगळीत मुलांचे हात सगळ्यात लाल पानाकडे जातात. पॉयझन आयव्ही नावाची वेल अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागात पुष्कळ ठिकाणी, बागांच्या कडेला, कुंपणावर, झाडांच्या खोडावर वाढते, आणि शरद ऋतूत ती फार देखणी लाल-केशरी होते. तिच्या तेलाने अंगावर खाजरे फोड येतात. आपल्याकडे बिब्बा उतल्यावर होतं तसंच, आणि दोन्ही झाडं एकाच कुळातली आहेत, काजू-आंब्याच्या. पान वाळून पडलं तरी तेल राहतं.

ओळख अशी: तीन-तीन पानांचा गुच्छ, मधल्या पानाचा देठ बाजूच्या दोघांपेक्षा लांब, जुन्या वेलीच्या खोडावर केसाळ मुळं. पाच पानांचा गुच्छ असेल तर ती बहुधा दुसरी वेल असते, पण लहान मुलांना मोजायला लावण्यापेक्षा सोपा नियम द्या: वेलीवरचं काही तोडायचं नाही, मोठ्या झाडाखाली पडलेलं सुटं पानच उचलायचं. मेपल, ओक, स्वीटगम यांची पानं सगळीकडे मिळतात आणि आकारही सुंदर असतात. हात लागलाच अशी शंका आली तर लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा, कपडेही धुवायला टाका.

पानं घरी आणल्यावरची नेहमीची तक्रार म्हणजे दुसऱ्या दिवशी ती कुरळी होऊन चुरतात. कारण ती उघडी ठेवली. नुकतीच पडलेली, हाताला अजून मऊ लागणारी पानं निवडा, पुसून कोरडी करा, वर्तमानपत्राच्या कागदात एकेक वेगळं ठेवून जाड पुस्तकांखाली आठवडाभर दाबा. आधीच कडक झालेलं पान दाबून सपाट होत नाही, मोडतं.

पानं वॅक्स पेपरमध्ये घालून इस्त्रीने चिकटवायची कल्पना छान आहे, खिडकीत लावली की काचेसारखी दिसतात. ती फसते एका कारणाने: स्वयंपाकघरातून वॅक्स पेपरऐवजी पार्चमेंट पेपर काढला जातो. पार्चमेंटवर सिलिकॉनचा थर असतो, तो वितळतही नाही आणि चिकटतही नाही. भारतातून आणलेल्या बटर पेपरनेही होणार नाही. मेण लावलेलाच कागद हवा. वर-खाली जुनं सुती फडकं, इस्त्री मंद, वाफ बंद. इस्त्री अर्थातच तुमच्या हातात. पानांची मांडणी मुलाच्या हातात.

क्रेयॉनने पानाचा छाप घ्यायचा असेल तर उलट, वाळलेलं पान नको. ताजं घ्या, शिरांची बाजू वर करा, त्यावर साधा प्रिंटरचा पातळ कागद, आणि कागदाचे कोपरे टेपने टेबलाला चिकटवा. क्रेयॉनचा कागद सोलून तो आडवा धरून फिरवायचा. टोकाने घासलं तर कागद फाटतो, जाड कार्डपेपर घेतला तर शिरा उठतच नाहीत. छाप उमटताना बघणाऱ्या मुलाचा चेहरा एकदा बघाच.

पाइनकोनची टर्की लोळते आणि गोंदही धरत नाही

बाहेरून आणलेला पाइनकोन बहुतेक वेळा ओला आणि मिटलेला असतो. पाणी शोषलं की त्याच्या खवल्यांचे थर कमी-जास्त फुगतात आणि तो मिटतो. वाळला की उघडतो. मिटलेल्या कोनात कागदाची पिसं खोचता येत नाहीत, आणि चिकाला गोंद धरत नाही. शिवाय आत किडे असू शकतात.

ॲल्युमिनियम फॉइल घातलेल्या ट्रेमध्ये, 200 अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण 93 अंश सेल्सिअसला, अर्धा ते एक तास ठेवा. स्वयंपाकघर सोडून जाऊ नका, चीक पेट घेऊ शकतो, म्हणून तापमान वाढवायचं नाही आणि मायक्रोवेव्ह तर नाहीच. दहा-पंधरा मिनिटांनी ओव्हनच्या काचेतून बघा. खवले हळूहळू उघडताना दिसतात, बारीक तडतड ऐकू येते. मुलाला लांबच्या खुर्चीवर बसवून हे दाखवा; माझ्या मते सगळ्या टर्कीपेक्षा हीच गंमत मोठी. बाहेर काढल्यावर कोन पूर्ण गार होऊ द्या, गरम चीक कातडीला चिकटून भाजतो.

पिसं रुंद बाजूला, डोकं निमुळत्या टोकाला. गोंदावर विसंबण्यापेक्षा पिसं खवल्यांत खोचा. टर्की एका बाजूला लोळत असेल तर खाली बरणीचं जुनं झाकण किंवा मिठाच्या पिठाचा छोटा गोळा द्या. पाइप क्लीनर (लोकरीसारखे धागे गुंडाळलेल्या तारा) वापरलेत तर त्यांची तारेची टोकं दुमडून घ्या, ती टोचतात.

हलणारे डोळे, मक्याचे दाणे आणि नाकात जाणाऱ्या वस्तू

तीन वर्षांखालचं मूल घरात असेल, मग ते हस्तकला करणारं असो की नुसतं रांगणारं भावंड असो, तर हलणारे प्लॅस्टिकचे डोळे, मणी, छोटे पॉम-पॉम (लोकरीचे गोळे) टेबलावर आणू नका. टॉयलेट पेपरची रिकामी पुठ्ठ्याची नळी घ्या. तिच्यातून जी वस्तू आरपार जाते ती या वयाच्या मुलाच्या घशात अडकू शकते. डोळे मार्करने काढा किंवा पंचिंग मशीनने पडलेले कागदाचे पांढरे गोल मोठ्या माणसाने चिकटवा.

मक्याचे दाणे आणि राजमा चिकटवून कणीस करायचं हे बालवाडीत नेहमी चालतं. पण कोरडे दाणे नाकात-कानात जातात आणि आत ओलावा मिळाला की फुगतात. कच्चा राजमा पोटात गेला तर उलट्या होतात. चार वर्षांवरच्या, तोंडात न घालणाऱ्या मुलांसाठी आणि तुम्ही शेजारी बसला असाल तेव्हाच हे काम.

लहानग्यांसाठी त्याच कणसाचा चांगला पर्याय म्हणजे बबल रॅपचा ठसा. तो फसतो जास्त रंगाने: फुग्यांच्या मधल्या फटी भरतात आणि दाण्यांऐवजी पिवळा लोळ उमटतो. स्पंजने पातळ रंग फुग्यांच्या माथ्यावरच लावा, कागद वर ठेवा, तळहाताने दाबा, घासू नका. पिवळ्यासोबत लाल, जांभळा, तपकिरी ठिपके दिले की थँक्सगिव्हिंगला दारावर टांगतात ते रंगीबेरंगी कणीस होतं. किराणा मालाच्या तपकिरी कागदी पिशवीचे फाटलेले तुकडे म्हणजे त्याची पात. काम झालं की प्लॅस्टिक लगेच उचला, लहान मूल ते तोंडावर ओढून घेतं.

दिवाळीचं सामान उरलेलं असतं, तेव्हा मोह होतो. कंदिलाचे रंगीत कागद, सोनेरी पट्ट्या खुशाल वापरा, पिसाऱ्याला फार शोभतात. रांगोळीचे रंग मात्र नकोत: पूड उडते, नाकात जाते, हाताला बसते. वाळक्या पानांच्या बरणीत पेटती पणती कधीच ठेवू नका. बॅटरीचा दिवा ठेवणार असाल तर बॅटरीच्या झाकणाला स्क्रू असलेलाच घ्या, कारण आतली बटण-बॅटरी गिळली गेली तर काही तासांत अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा करते. तसा नुसता संशय आला तरी वाट न बघता इमर्जन्सीत न्यायचं.

मिठाचं पीठ फुगलं, तडकलं, मऊच राहिलं

दोन कप मैदा, एक कप बारीक मीठ, पाऊण ते एक कप कोमट पाणी. पाणी थोडं थोडं घाला आणि पुरीच्या पिठाइतकं घट्ट मळा. कणकेने होतं, पण रंग काळपट येतो. पाकिटावर 'सेल्फ रायझिंग' लिहिलेलं पीठ नको, त्यात बेकिंग पावडर असते आणि हाताचा ठसा फुगून दिसेनासा होतो. पाव इंच जाडीची पोळी लाटा. पातळ लाटली तर हाताच्या ठशाखालीच मोडते, जाड केली तर आतून वाळत नाही.

तडे जातात ते घाईने. तापमान 200 ते 250 फॅरनहाइट, दोन ते तीन तास, मधे एकदा उलटायचं. टांगायचं असेल तर भोक भाजण्याआधी स्ट्रॉने पाडा, नंतर पाडायला गेलात तर फुटेल. पूर्ण गार झाल्यावरच रंगवा. गार झाल्यावरही मधे मऊ लागत असेल तर परत अर्धा तास ओव्हनमध्ये.

घरात कुत्रा असेल तर कच्चं आणि भाजलेलं, दोन्ही पीठ त्याच्या तोंडापासून लांब ठेवा. एवढं मीठ त्याच्या पोटात गेलं तर जिवावर बेततं. मुलालाही ही चकली नाही हे आधी सांगा.

पिसांचा मुकुट आणि बकलची टोपी

ही चूक रंग-गोंदाची नाही, पण माझ्या मते या लेखातली सगळ्यात टाळण्यासारखी. ऑनलाइन नमुन्यांत कागदी पिसांचा मुकुट, टिपीचा तंबू आणि बकल लावलेली काळी टोपी अजून भरपूर सापडतात.

1621 च्या शरदात आजच्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला इंग्रजांच्या छोट्या वसाहतीने पीक हाती आल्यावर मेजवानी केली. थँक्सगिव्हिंगची गोष्ट तिच्यावरूनच सांगतात, आणि हे मुकुट-टोप्याही तिथूनच येतात. एडवर्ड विन्स्लो या वसाहतकऱ्याच्या पत्रात तिचं वर्णन आहे: तिथल्या मूळ रहिवाशांचे, वाम्पानोआग लोकांचे, प्रमुख मॅसासॉइट सुमारे 90 माणसांसह आले, तीन दिवस राहिले आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली. वाम्पानोआग टिपीत राहत नव्हते. त्यांची घरं घुमटाकार, झाडाची साल आणि लव्हाळ्याच्या चटया लावलेली असायची, त्यांना ते वेटू म्हणतात. मोठा पिसांचा मुकुट हा मैदानी प्रदेशातल्या वेगळ्या समाजांचा, आणि तिथेही तो मानाने मिळवायचा असतो. बकलची टोपीही त्या काळातली नाही, ती नंतरच्या चित्रकारांनी घातली.

वाम्पानोआग समाज आजही मॅसॅच्युसेट्समध्ये आहे, मॅशपी आणि अक्विनामध्ये. त्या मेजवानीनंतर त्यांची जमीन गेली, माणसं गेली. म्हणून 1970 पासून थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्लिमथला अनेक मूळ रहिवासी शोकदिन पाळतात. चार वर्षांच्या मुलाला हे सगळं सांगायची गरज नाही. पण दुसऱ्याची मानाची वस्तू खेळण्यातली करायची नाही, एवढं आपण ठरवू शकतो. आपल्या पगडीचा किंवा मुंडावळ्यांचा कागदी मुखवटा कुणी वर्गात वाटला तर आपल्याला जे वाटेल, तेच इथे लागू आहे.

त्याऐवजी 'तीन बहिणी' करा: मका, घेवडा आणि भोपळा. ईशान्य अमेरिकेतले अनेक मूळ समाज ही पिकं एकत्र लावत आले आहेत. मक्याच्या ताटावर घेवडा चढतो, घेवडा जमिनीला नत्र देतो, भोपळ्याची रुंद पानं माती झाकून ओल धरतात. आपले शेतकरी ज्याला आंतरपीक म्हणतात तेच. बबल रॅपचं कणीस, हिरव्या लोकरीची वेल, केशरी कागदाच्या पट्ट्यांचा भोपळा असं एका मोठ्या कागदावर लावता येतं. आणि ही तिन्ही पिकं अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आली. भोपळ्याचं भरीत आणि मक्याचा उपमा खाणाऱ्या मुलाला ही गोष्ट लगेच पोहोचते.

कृतज्ञतेच्या झाडावर सगळीच पानं "आई-बाबा"

बरणीत सुकी फांदी उभी करायची, कागदाच्या पानांवर आपण कशाबद्दल आभारी आहोत ते लिहून टांगायचं. अडतं ते प्रश्नात. "तू कशाबद्दल थँकफुल आहेस?" हे तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही. ते शाळेत ऐकलेलं उत्तर देतं. जवळचा प्रश्न विचारा: आज कोणी मदत केली? काय खाल्लं ते आवडलं? रात्री कोणती चादर हवी असते? मग झाडावर "निळी चादर", "बसवाले काका", "आजीचा लाडू" अशी पानं येतात. मूल बोलेल तेच शब्द लिहा, सुधारू नका. फांदी बरणीत डोलत असेल तर तळाशी खडे भरा. मिठाचं उरलेलं पीठ भरू नका, ते ओलं राहून बुरशी धरतं.

पाहुण्यांच्या नावाची कार्डं मराठी शाळेत जाणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या मुलांना देवनागरीत लिहू द्या. पूर्ण नावं नकोत. "मामा", "काकू", "आबा" पुरे. कार्डं टेबलावर आडवी पडतात ती पातळ कागदामुळे: जाड कार्डपेपर घ्या, घडीच्या जागी आधी पट्टी धरून रिकाम्या बॉलपेनने रेघ ओढा, मग दुमडा.

मुलाच्या हातून काम काढून घेणं

डोळा पोटावर चिकटवला की आपला हात पुढे जातो. जाऊ देऊ नका. दोन वर्षांच्या मुलाला फाडणं, ठसे मारणं, चिकटवणं येतं. तीनला कात्रीने सुटे काप. चारला सरळ रेघेवर. पाच-सहाला साधे आकार. त्याच्या वरचं जे आहे ते आधीच कापून ठेवा, म्हणजे समोर बसून हातातलं ओढून घ्यायची वेळ येत नाही. कात्री नीट चालत नसेल तर मूल डावखुरं आहे का बघा. उजव्या हाताच्या कात्रीत त्याला कागद कापण्याऐवजी दुमडला जाताना दिसतो. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते. आणि फोनवरचा नमुना मुलाला दाखवू नका, तो तुम्ही बघा आणि बाजूला ठेवा.

ठेवून द्यायचं असेल तर

रंगवण्याआधीच कागदाच्या मागे नाव आणि साल पेन्सिलीने लिहा. नंतर लिहायला गेलात तर पुढचा रंग दबतो. रंगीत कन्स्ट्रक्शन पेपर उन्हाच्या खिडकीत काही आठवड्यांत फिका पडतो, त्यामुळे ठेवायची कामं सावलीच्या भिंतीवर लावा. टेम्पराचे कागद एकावर एक ठेवले तर चिकटतात. मधे पार्चमेंट पेपर घाला, तो इथे उपयोगी आहे. मिठाच्या पिठाची वस्तू दमट तळघरात मऊ पडते. ती पूर्ण वाळवून, वार्निशचा हात देऊन, टिश्यूत गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. मक्याचे दाणे लावलेलं काही ठेवणीत घालू नका, त्याला पोरकिडे होतात. त्याचा फोटो काढा आणि वस्तू कचऱ्यात जाऊ द्या.